माझ्याच हातांनी भरलेल्या बांगड्या

वेस्ट मांबलम, चेन्नई

ती. आईस ऊर्मीचा नमस्कार.

फोनवर मला रडू येतं आणि तू घाबरतेस, म्हणून लिहिते. करोनाचा ताप उतरला, जेवण जातंय.

इथे सातव्या महिन्यात गर्भारणीला बायका बांगड्या भरतात. शेजारणींनी संसर्गाच्या भीतीने बांगड्यांची पिशवी दाराला अडकवली. मीच माझ्या भरल्या.

डॉक्टर म्हणतात, बाळाला बहुधा काही होत नाही, आणि पुन्हा सोनोग्राफी लिहून देतात. सासूबाई फोनवर, रत्नाकर शेजारच्या उशीवरून एकच विचारतात, बाळ हलतंय ना? हलतंय. मला जिना चढताना धाप लागते, ते कुणालाच ठाऊक नाही.

बाबांचे गुडघे कसे आहेत?

परवा तूही बाळाचंच विचारलंस. उत्तर लिहिताना आधी माझं विचार.

तुझीच,
ऊर्मी