जमिनीवर बसायचं नाही

॥ श्री ॥
बालाघाट, ता. ६ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. मैनास सत्यभामेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुह्यं पत्र नागपूरच्या दवाखान्यातच भेटलं होतं, पण उताणं पडून लिहिता येत नव्हतं. परवा खेमराजनं मले त्याच्या क्वार्टरात आणलं. खळ्यावर तणशीवरून पाय घसरला ते तुले माहीत आहे. गावच्या हाड बसवणाऱ्यानं पंधरा दिवस कामट्या बांधून ठेवल्या, मंग फोटो काढला तं खुब्याचा गोळाच मोडलेला. डॉक्टरानं तो काढून पोलादाचा बसवला. खेमराज म्हणते, आई, आता तुह्या अंगात आत्याच्या तिरोडीची खाण आहे.

पण बाई वो, त्या गोळ्याचे नखरे किती! दोन पायांत उशी. पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर वळायचं नाही, मांडी घालायची नाही, अन् जमिनीवर तं जन्मात बसायचं नाही. सूनबाई शीलानं पलंगाच्या पायाखाली विटा घालून तो इतका उंच केला की मी मचाणावरची राखणदारीण दिसते. सुताराकडून एक भोक पाडलेली खुर्ची आणली आहे, ती कशाले ते लिहीत नाही.

शीला पोरगी सोन्यासारखी आहे. वेणी घालून देते, तोंडात घास देते. पण मैना, दिवसभर मी अन् हे छत. आपल्या गावची, परसवाड्याची मोटर याच सडकेनं जाते. तिचा भोंगा ऐकला की मले रडू येते. डॉक्टर म्हणे तीन महिने नीट राह्यली तं पेरणीच्या आधी घरी जाशील. मी त्याच दिवसावर डोळे लावून पडली आहे. मले माह्या घरी जायचं आहे, बाकी काही नको.

आणखी एक. भासरे मले पाहाले येणार आहेत. तुले ठाऊकच आहे, तुह्या थोरल्या दादाचं अन् माह्यं, धाकटा दादा होता तेव्हाही अन् गेल्यावरही, चाळीस वर्षांत एक शब्दाचं बोलणं नाही. त्यायले काही सांगायचं असलं तं ते भिंतीले सांगतात, मी पोरायच्या नावानं उत्तर देत आली. ते बसतात तिथं मी उभी राह्यली नाही, अन् त्यायच्यापेक्षा उंच तं कधीच बसली नाही. ते आले की काय करू, मले सुचून नाही राह्यलं.

जावयांस नमस्कार. तुही माया पातळ होऊ देऊ नको.
तुही वहिनी

॥ श्री ॥
तिरोडी, ता. १२ फेब्रुवारी १९७५

ती. वहिनीस मैनाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसली अन् रडलीही. मचाणावर बस, पाखरं हाकल, अन् आयता घास खा. अशी मजा तुह्या नशिबात पुन्हा नाही!

दादा येईन तेव्हाचं चित्र मले इथून दिसून राह्यलं. तो खुर्चीवर बसत नाही, म्हणजे शीला खाली चटई टाकीन. दादा चटईवर, अन् त्याच्या लहान भावाची बायको वर, पाय पसरून, राणीसरकार! आई जिती असती तं तिनं तुले पलंगासकट अंगणात फेकलं असतं. परसवाड्यात आठ दिवस दुसरी गोष्ट नाही निघाची.

आमच्या यायची खाणीतली पाळी बदलली, म्हणून मले येता आलं नाही. शिमग्यानंतर येईन. तोपर्यंत रुसू नको, मले आठवत राह्य.
तुही मैना

॥ श्री ॥
बालाघाट, ता. ५ मार्च १९७५

चि. सौ. मैनास आशीर्वाद. वि. वि.

हे पेन्सिलीनं लिहून राह्यली. पाय दोरीनं बांधून दोरीले विटा लटकवल्या आहेत. खेमराजनं तुले कळवलंच असेल की गोळा निसटला. कसा निसटला ते त्यानं लिहिलं नसेल, त्याले माह्या मूर्खपणाची लाज वाटते.

भासरे आले. शीलानं चटई टाकली. ते दाराजवळ भिंतीकडे तोंड करून बसले. खेमराजले विचारलं, तुह्या आईले बरं आहे का. मी वर, ते खाली. माह्या जिवाची नुसती तगमग झाली. डॉक्टरानं काय सांगतलं ते ठाऊक होतं मले, पोपटासारखं पाठ होतं. पण चाळीस वर्षांच्या रीतीचं अंग, त्यानं मले विचारलंच नाही. पदर ओढला, खाली सरकली अन् मांडी मोडून जमिनीवर बसली. कट् असा आवाज झाला. मंग मी गुरावाणी ओरडली. भासऱ्यांनी माह्या गळ्यातला आवाज ऐकला तो असा.

जीपनं पुन्हा नागपूरले नेलं. भूल देऊन गोळा आत बसवला, तिथंच विटा बांधून दहा दिवस ठेवलं, काल इथं आणलं. डॉक्टर खूप रागावले. म्हणे, पुन्हा असं केलं तं उघडून बसवावं लागेल, अन् मंग चालशील याची हमी नाही.

मैना, मी आता परसवाड्याले जात नाही. नीट विचार केला. तिथं भासरे सकाळपासून ओसरीवर घोंगडीवर बसलेले असतात. चूल खाली, पाट खाली, सारं खाली. मी खुर्चीवर बसली तं रीत मोडते, खाली बसली तं पाय मोडते. मागच्या खोलीत दार लावून पडाचं असेल तं इथलं छत काय वाईट? आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली. तू घरी गेली तं माह्या पेटीतली लुगडी घेऊन ये.

तुह्या पत्रातलं मनाले लावून घेऊ नको. मले हसवाले लिहिलं होतं, मी हसलीही होती.
तुही वहिनी

॥ श्री ॥
तिरोडी, ता. १७ मार्च १९७५

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

मनाले काहून लावून नको घेऊ? माह्याच पत्रानं तुले चटईवर उतरवलं. हौ, मलेच ठाऊक आहे. आठ दिवस गळ्याखाली घास गेला नाही. तू नवरी होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांची होती. माह्या उवा तू काढल्या, मले बाराखडी तू शिकवली, अन् मी तुह्यं काय केलं, तं पाय मोडला.

मंगळवारी परसवाड्याले गेलती. तुही लुगडी आणाले नाही, भांडाले. दादाले समोर बसवून सारं सांगतलं. म्हणलं, तिचं घर आहे ते, तुह्या घोंगडीपायी ती परक्या छताखाली मरते का? म्हणलं, एक शब्द बोल, ती येईल. दादानं पायतण घातलं अन् वावरात निघून गेला. संध्याकाळपर्यंत वाट पाह्यली, मंग मी मोटरनं परत आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा आहे तो. माहा सख्खा भाऊ नसता तं मी त्याचं तोंड पाह्यलं नसतं.

लुगडी आणली नाहीत. आणणारही नाही. तू जाशील तेव्हा तिथंच नेस.

शिव्या दे, पण पत्र बंद करू नको.
तुही मैना

॥ श्री ॥
बालाघाट, ता. २७ एप्रिल १९७५

चि. सौ. मैनास आशीर्वाद. वि. वि.

शिव्या कशाले देऊ? पण तू भांडाले गेली ते मले आवडलं नाही. आता भासऱ्यांना वाटेल मीच पाठवली. मोठ्या माणसाले या वयात कुठं वाकवतेस? त्यायचं काय चुकलं? रीत त्यायनं केली नाही, मीही केली नाही.

विटा सुटल्या. काठी घेऊन अंगणाच्या फाटकापर्यंत जाते अन् फिरते. बावीस पावलं. डॉक्टरानं पत्रानं कळवलं की आता कुठंही जा, फक्त खाली बसू नको. कुठंही जा म्हणे! खेमराजनं माह्यं नाव इथल्या रेशन कार्डात चढवलं. चांगल्या मनानं केलं, मी काय बोलू. तो कचेरीतून आला की शीला त्याले सांगते, आई आज खूश होत्या. मी खूश दिसाचं शिकली आहे.

काल फाटकाशी उभी होती तं परसवाड्याची मोटर थांबली. कंडक्टरानं विचारलं, बाई, चढता का? मी नाही म्हणलं. घरात येऊन पलंगावर पडली अन् शीला पाणी भराले गेली तेवढ्यात तोंडात पदर कोंबून रडली. तुले सोडून हे कोणाले सांगत नाही.

तू आहे म्हणून लिहून तरी टाकते. अशीच राह्य.
तुही वहिनी

॥ श्री ॥
परसवाडा, ता. ५ मे १९७५

गं. भा. सत्यभामाबाईस डोमाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी कधी कोणाले पत्र लिहिलं नाही, चूकभूल माफ करावी.

मैना येऊन भांडून गेली. तिले उत्तर दिलं नाही, कारण ते तिले द्यायचं नव्हतं. दीड-दोन महिने लिहू लिहू म्हणत राह्यलो.

त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, पण तुम्ही सरकल्या ते मले दिसलं. तोंडात आलं होतं, बाई, वरच बसा. एवढंच म्हणलं असतं तं गोळा निसटला नसता. बोललो नाही. चाळीस वर्षं बोललो नाही म्हणून त्या घडीलेही बोलता आलं नाही. तुम्ही ओरडल्या तो आवाज अजून कानातून जात नाही. गुन्हा माहा आहे.

ओसरीवर खुर्ची आणून ठेवली आहे. चूलही ओटा बांधून उंच करून घेतली. तुम्ही वर बसा. मी खाली बसीन, मले खालीच बरं वाटते. कोणी काही म्हणलं तं डोमाजीनं सांगतलं म्हणा. म्हणूनच बंद पाकीट नाही, उघडं कार्ड टाकून राह्यलो. पोस्टमननं वाचावं, गावानं वाचावं.

खेमराजनं गुरुवारच्या मोटरनं आणून सोडावं. येता की नाही ते मैनाच्या हाती कळवू नये, मलेच लिहावं.
डोमाजी

॥ श्री ॥
बालाघाट, ता. १० मे १९७५

ती. खेमराजच्या मोठ्या बाबांस शि. सा. न. वि. वि.

कार्ड काल आलं. पोस्टमननं वाचलं होतं, त्यानं फाटकातूनच ओरडून सांगतलं. शीलानं वाचून दाखवलं, मंग मी वाचलं, मंग खेमराज कचेरीतून आल्यावर त्यानं वाचलं. तो माह्या पायाशी बसून राह्यला.

गुन्हा तुमचा नाही. पण तुम्ही तो लिहिला म्हणून मी खूप रडली, अन् हे रडणं मी कोणापासून लपवलं नाही.

गुरुवारी येईन. खुर्चीवर बसीन. तुम्ही विचाराल तं उत्तरही देईन, पोरायच्या नावानं नाही. पदर मात्र डोईवर राहील. तो तुम्ही सांगतलं तरी मी काढाची नाही.

सत्यभामा