आरशावरचा हार

शुक्र., ६ फेब्रु. कारंजा.

संयोजकांचा चहा हा तक्रारीचा स्वतंत्र विषय. कागदी कपात बरोबर तीन आचमनं. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, संपला. चौथ्या नावाला पळीभर पाणी सोडतात. इथे सोडायला थेंब नाही. पाठशाळेत सात वर्षं काढलेल्या माणसाची ही अवस्था. निषेध नोंदवला, स्वतःकडेच.

उद्या जुन्या गाड्यांचा ताफा, जुन्या नागपूर-मुंबई रस्त्याने आमच्या इकडच्या मालेगावपर्यंत. पेपरला बातमी मी देणार, बसणार भाऊच्या जीपमध्ये. भाऊ म्हणजे सख्खा थोरला. तीस वर्षं याच रस्त्यावर सवाऱ्या वाहिल्या, आता आमच्या गावची पोरं शाळेत नेतो-आणतो. जीप लष्कराच्या लिलावातली. वयाने भाऊहून थोडी लहान, स्वभावाने तशीच.

वहिनीचा फोन. "भाऊजी, त्याइच्या जवळच बसजा. बोलत राहजा." काहून? "असंच."

शनि., ७.

ताफ्याचा नियम एकच. मागची गाडी आरशात दिसत राहिली पाहिजे, दिसेनाशी झाली की थांबायचं. आमच्या मागे अकोल्याचे एक वकीलसाहेब, काळी मोटार, काळा कोट (सुट्टीच्या दिवशीही).

रस्ता ओकाबोका. नवा महामार्ग झाला नि ट्रक तिकडे गेले. भाऊ ज्या ढाब्यावर जेवायचा त्याच्या दारात तुराट्या रचलेल्या. भिंतीवर 'भोजन तयार है' अजून तसंच. भाऊ हॉर्न वाजवून पुढे गेला. कोणासाठी, देव जाणे.

शेलूबाजारला लोकांनी जीपला हार घातले, फोटो काढले. पुढे निघालो. मी वहीत नाक खुपसून. मधेच विचारलं, वकील येतायत ना?

"येऊन राह्यले ना बे. दिसते ना मले."

पुन्हा विचारलं. पुन्हा दिसले.

मग माझा फोन. वकीलसाहेबच. पंक्चर होऊन अर्धा तास शेलूबाजारच्या बाहेर उभे. "अहो, ताफा म्हणता आणि मागे वळून बघत नाही?"

भाऊने जीप बाजूला घेतली. उतरून त्याच्या बाजूला गेलो. आरशावर झेंडूचा हार, गच्च गुंडाळलेला. काच बोटभर दिसत नव्हती. भाऊ समोर बघत बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

हार काढला.

संध्याकाळी बातमी धाडली: 'चालकांनी शिस्तीचे दर्शन घडविले.'

रवि., ८. घरी.

परतीच्या वाटेवर विचारलंच. भाऊ, उजवा डोळा?

"पेपरात छापतं का?"

छापतो. पहिल्या पानावर, फोटोसकट.

हसला. मग सांगितलं. दिवाळीपासून त्या डोळ्याला नुसता उजेड-अंधार. डॉक्टर म्हणाला, मागचा पडदा गेला, आता येत नाही. "गाडी सोडून मी घरी काय करू, सांग. तुयासारखे श्लोक म्हनू? तुया वहिनीले बोलू नको."

समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा माझा पाय आपोआप दाबला गेला. माझ्या बाजूला ब्रेक नाही.

भाऊच्या घरी वहिनीने चहा दिला. काठोकाठ कप. भाऊ हातपाय धुवायला गेला तशी हळूच म्हणाली, "समजलं ना तुमाले? म्हनून तं संगं धाडलं. मायं नाही आयकत. तुमी सांगसान तं आयकतीन."

चहा निम्मा राहिला.

उद्या सोमवार. सकाळी सातला शाळेची गाडी. बारा पोरं, त्यांत माझी लेक मुक्ता, पाचवीतली. तिला ताप आलाय असं सांगून घरी ठेवावी, असं मनात येऊन गेलं. म्हणजे उरली अकरा. त्यांच्या घरी काय सांगू?

दिवेलागणीच्या आधी दोनदा भाऊच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. तो अंगणात शाळेची गाडी धूत होता. दुसऱ्या वेळी आरसा पुसत होता, कोरड्या फडक्याने, सावकाश. तसाच परतलो.

मला भीती वाटते की सकाळीही मी काही बोलणार नाही.