सगळे पत्ते स्वागतपानावर

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, नवी वही. महिनाभर प्रोबेशन, मग कायम. बायको म्हणाली, ही तरी टिकवा. हसलो. दातांच्या दवाखान्याची वेबसाइट. माझ्याकडे राउट्स, म्हणजे कुठला पत्ता टाकला की कुठलं पान उघडायचं ते लिहून देणं. डाव्या हातचा मळ.

बुधवार, ५ मार्च
मॅन्युअल उघडलं. डोळा लागला. अनुभवी माणसाला मॅन्युअल लागत नाही.

शुक्रवार, ७ मार्च
चुकीचा पत्ता टाकला की 'पान सापडलं नाही' येतं. काय हा उर्मटपणा! एक राउट लिहिला: काहीही टाका, स्वागतपान उघडेल. स्वतःवरच खूश झालो. फाइलमध्ये सगळ्यांच्या वर ठेवला.

सोमवार, १० मार्च
टेस्टिंगवाल्या बाई आल्या. म्हणे, अपॉइंटमेंट उघडलं तरी स्वागत, डॉक्टरांची माहिती उघडली तरी स्वागत. म्हटलं, एकही एरर नाही, हे बघा की! त्या म्हणाल्या, सर्व्हर वरून खाली वाचतो, पहिला राउट जुळला की खाली ढुंकूनही बघत नाही, ती ओळ तळाला न्या. आता मला या शिकवणार! खालचेच राउट्स कच्चे असणार. उद्यापासून ते पुन्हा लिहिणार.

बुधवार, १२ मार्च
सगळे पुन्हा लिहिले. स्वागत. लॅपटॉप बदलला. स्वागत. त्या पानावरचा हसरा दात आता डोळ्यांसमोर नको झालाय. बायकोने विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, झकास. सर्व्हरच बिघडलाय, दुसरं काय.

शुक्रवार, १४ मार्च, दुपारी
डेमो. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी अपॉइंटमेंट दाबलं. स्वागत. फी दाबलं. स्वागत. शेवटी 'तक्रार नोंदवा' दाबलं. 'आपलं मनःपूर्वक स्वागत!' कोणी हसलं नाही. साहेबांनी टेस्टिंगवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी माझी ओळ उचलून तळाला ठेवली. सगळं धडाधड चालू. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. साहेब म्हणाले, तुम्ही जरा थांबा.

संध्याकाळी
साहेबांना चार गोष्टी सुनावणार होतो. ओळखपत्र देऊन आलो. फार वाईट वाटतंय. बायकोने दारातच विचारलं, आज लवकर? म्हटलं, काम संपलं. किती खूश झाली! चहा टाकता टाकता म्हणाली, म्हणजे आता कायम करतील ना?
हो म्हटलं.