सतरा नंबरची कविता

अण्णा, इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या नव्या कवितासंग्रहात मला तुमची ती ओवीतली कविता घ्यायची होती, आणि ती मला पूर्ण कुठेच मिळाली नाही. ती का मिळाली नाही, हे तुम्हाला सांगायला हवं.

पहिला संग्रह निघाला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. निवड समितीत आम्ही तिघं. पुण्याहून आलेले एक नामवंत कवी अध्यक्ष, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आणि मी. पुस्तकाला महाराष्ट्रातल्या एका संस्थेचं अनुदान मिळणार होतं, त्यामुळे सगळे जरा ताठ बसायचे. कविता नावं काढून, नंबर घालून, मंडळाच्या कारकुनाच्या अक्षरात यायच्या. सतरा नंबरच्या पहिल्या ओळीतलं ‘स्वल्प थांब’ वाचलं आणि मला कळलं, ही तुमची. कारखान्यात तुमच्या शेजारच्या लेथवर ज्यांचं बोट गेलं, त्यांच्यावरची. अकरा ओव्या होत्या. बाई म्हणाल्या, “ही घ्यायलाच हवी.” अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही इथल्याच. तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हटलं, “घाट जुना आहे. आणि मराठी संग्रहात कन्नड शब्द बरा दिसणार नाही.”

ते हसले, मान डोलावली, कागद बाजूला ठेवला. मला त्या हसण्याचा आनंद झाला, अण्णा. आपल्या घरातलं बेळगावकडचं मराठी, ते हेल, ते मध्येच येणारे कन्नड शब्द, त्या खोलीत कुणाला माझ्यात दिसू नयेत, एवढंच मला हवं होतं. आपल्या बापाची कविता म्हणून बाजूला सरले असते तर ती निदान सचोटी ठरली असती. तेही मी केलं नाही.

त्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसला होता. कविता नाही घेतली, असं मी सांगितलं. तुम्ही विचारलं, “का म्हणे?” मी म्हटलं, “समितीतल्या एकांना ‘स्वल्प’ खटकलं. कन्नड शब्द म्हणून.” तुम्ही हातातली शेंग खाली ठेवून खो खो हसलात. “स्वल्प कन्नड? मग स्वल्पविराम काय म्हैसूरहून आला?” आई पोळी लाटता लाटता हसली. मीही हसले. मग तुम्ही म्हणालात, “जाऊ दे. सांग त्यांना, माझा राग नाही.” त्यांना. आणि पुढचे आठ दिवस, कारखान्यातून आल्यावर, त्याच संग्रहाची मुद्रितं तुम्ही तपासलीत. माझ्या प्रस्तावनेतली तीन वाक्यं सरळ केलीत. त्यानंतर मंडळाला एकही कविता पाठवली नाहीत. मी कधी का विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

आता संपादक मीच आहे. मंडळाची कपाटं उपसली, तेव्हाच्या नाकारलेल्या कविता केव्हाच रद्दीत गेल्यात. तुम्ही गेल्यावर घरी राहिलेल्या तुमच्या वह्यांत ती नाही. तुम्ही एकच प्रत केली होती बहुतेक, आणि ती दिली होतीत. शेवटी मागच्या महिन्यात शहराबाहेर बोम्मसंद्र्याला, तुमच्या शेजारच्या लेथवरच्या त्या सोबत्यांकडे गेले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. “या अक्का, बसा,” म्हणाले. कवितेचं नाव काढताच त्यांनी डोळे मिटले आणि चार बोटांचा हात मांडीवर ठेवून म्हटलं:

स्वल्प थांब, यंत्रराया,
बोट माझे गेले वाया,
लेकीच्या इवल्या पाया
घालू वाळा कसा?

“तुमचे अण्णा जेवणाच्या सुट्टीत म्हणून दाखवायचे. पुढचं सगळं विसरलो बघा. एवढीच राहिली.” मी ती लिहून घेतली. मग त्यांनी विचारलं, “पण अक्का, पुस्तकात का नाही आली तेव्हा? अण्णांना विचारलं, तर नुसते हसले.”

मी म्हटलं, “समितीनं घेतली नाही.”

“सरी, बरं,” ते म्हणाले, आणि सुनेला कॉफी करायला सांगितली. ती कॉफी मी प्यायले.

नव्या संग्रहात तुमची ती एक ओवी पहिल्या पानावर आहे, तुमच्या नावानं. खाली मी टीप लिहिली: ‘ही कविता पूर्वीच्या संग्रहातून वगळली गेली होती. उरलेल्या दहा ओव्या उपलब्ध नाहीत.’ वगळली गेली. कुणी वगळली, ते लिहायला एक शब्द पुरला असता, आणि तुम्ही मुद्रितं तपासत असता तर तिथे पेन्सिलीनं ‘कुणी?’ असं नक्की लिहिलं असतं. काल दुपारी छापखान्यातून फोन आला, “शेवटचा काही बदल, मॅडम?” मी नाही म्हटलं.