मोटारीच्या शेपटातले दगड

बाबा, आज तुमच्या श्राद्धाच्या पंगतीत परत तीच गोष्ट निघाली. वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं पानात पडलं, चार घास पोटात गेले, की कोणाला तरी ती आठवतेच. या वर्षी धाकट्या आत्याच्या मुलाने काढली. "मामान काय गाडी बांधल्यान ती! सामकी होडी! आणि ह्या दादान पयल्याच दिवशी आंबोलीच्या वळणार नेवन आपटल्यान." सगळे हसले. सुना हसल्या, नातवंडं हसली. मी वाकून खीर वाढत होतो. म्हटलं, "व्हय रे बाबा, माझोच हात सुटलो." दरवर्षी हेच म्हणतो. पण आज कंबर धरली होती, भांडं जड झालं होतं, आणि ते शब्दसुद्धा उचलायला जड गेले. पंगत उठली तसा मागच्या पडवीत येऊन बसलो आणि नातीच्या वहीतले दोन कागद फाडून घेतले. तुम्हाला एकदा सांगायचं आहे. आता तुम्ही मध्येच बोलून मला गप्प करू शकत नाही, एवढाच काय तो फायदा.

मी मुंबईहून परत आलो तेव्हाचं आठवतंय का तुम्हाला? मोटारीच्या कारखान्यात चार वर्षं हात काळे करून आलो, तिथली हवा मानवली नाही म्हणून. वालावलच्या खाडीकाठी तुमचा मांगर, होड्या बांधायची छपरी. त्यात एका वेळी दोन होड्या उभ्या राहायच्या, एक अर्धी आणि एक तेल पीत. गावातल्या बापांनी असल्या परत आलेल्या पोरांना काय काय ऐकवलं ते मला माहीत आहे. तुमचं वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर मांगराचा रस्त्याकडचा अर्धा भाग झाडून काढलेला, फळ्या सगळ्या पलीकडे रचलेल्या. "हय तुझा काय ता मांड. पण माझ्या लाकडाक काळा तेल लागता कामा नये." एवढंच. बाबा, आयुष्यात मला कोणी एवढं मोठं काही दिलं नाही. हेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की पोरगं नुसतं रडगाणं घेऊन बसलंय.

मग दोन-तीन वर्षांनी वेंगुर्ल्याच्या काजूवाल्यांचे धाकटे शेठ आले. गोवा नुकताच मोकळा झाला होता आणि तिथून त्यांनी एक जुनी विलायती मोटार आणली होती. लांब नाक, मागे चौकोनी डबा, उंच चाकांवर म्हातारीसारखी पाय वर घेऊन बसलेली. धाकट्या शेठना ती बदलून हवी होती. म्हणाले, "मेस्त्री, नुसती पळायला नको. उभी असली तरी पळतेय असं वाटलं पाहिजे. आणि घाटात वळणं घेताना डुलता कामा नये." बेळगावला त्यांची मित्रमंडळी होती, त्यांच्यासमोर ती न्यायची होती. तुम्ही मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या डब्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणालात, "ह्यो कापून टाकूया." तो पावसाळ्यानंतरचा काळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी खाली आडवा पडून स्प्रिंगच्या पाट्यांची कमान उतरवतोय, गाडी चार बोटं खाली आणतोय, स्टेअरिंगमधला ढिलेपणा काढतोय. वर तुम्ही सागवानाच्या फासळ्या बसवताय, होडीला बसवता तशाच, आणि त्यांवर पातळ फळ्या वाकवून मागचं अंग निमुळतं करत नेताय. टप नाही, पुढे आडवी बुटकी काच, मागे होडीचं शेपूट. रस्त्याने जाणारी माणसं थांबतायत. तुम्ही पानाची पिंक टाकून मला विचारताय, "कशी दिसता?" मी म्हणतोय, "उडात ती, बाबा." तुम्ही हसताय. मला विचारून तुम्ही हसला होतात, असे दिवस बोटांवर मोजण्याइतके.

आणि मग तुम्ही नीरम घातलंत. होडी डोलू नये म्हणून तिच्या तळाला दगड भरतात, ते नीरम. तुमच्या नीरमाला या खाडीपासून देवबागपर्यंत तोड नव्हती. कुठल्या होडीला किती आणि कुठे, हे तुम्ही नुसतं तिच्याकडे बघून सांगायचात. रापणकर मासेमार म्हणायचे, मेस्त्रींनी नीरम घातलं की बायको-पोरांना बसवून खुशाल समुद्रात जावं. मी जेवून येतो तर तुम्ही शेपटाच्या तळाला, मागच्या चाकांच्याही मागे, काळे दगड रचून वरून फळी ठोकताय. मी म्हटलं, "बाबा, होडयेक पाणी सगळ्या बाजूंनी धरता. गाडी चार चाकांवरच उभी. चाकांच्या मागे वजन टाकलास तर वळणार शेपूट भायर जातला." तुम्ही खिळा तोंडातून काढला. "रिकामी होडी डोलता, भरलेली बसान चलता. तुझ्या जल्माच्या आदीपासून मी होडये पाण्यात सोडतंय. एक तरी उलाटली ऐकलंस?" नव्हती ऐकली. तेवढ्यात शेजारचे दोघे येऊन उभे राहिले आणि तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात, "मुंबयसून पाना धरूक शिकान इलो, आता बापाशीक नीरम शिकयता." मी पुन्हा गाडीखाली गेलो.

शेठच्या हाती देण्याआधी घाटात चालवून बघायची, असा हट्ट मात्र मी धरला. निघताना तुम्ही पुढच्या चाकाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंत, होडी पाण्यात सोडताना घालता तेच. वाटेत आड येयत तेका बाजूक कर रे म्हाराजा. जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, मीही म्हटलं. तुम्ही माझ्या शेजारी बसलात. मागच्या चिंचोळ्या जागेत शेठ. सावंतवाडी सोडली, दाणोली गेली आणि घाट चढताना गाडी खरंच सुंदर गेली, ते कबूल करतो. वजन मागे, चढावर मागची चाकं रस्ता घट्ट धरत होती. तुम्ही दर वळणाला माझ्याकडे बघत होतात. "बघलंस? कशी बसान चलता ती." आंबोलीला एका टपरीपाशी शेठना ओळखीचे कोणी भेटले. ते चहाला थांबले, म्हणाले, तुम्ही थोडं खाली जाऊन उतारावर कशी चालते ते बघून या.

आंबोलीत पाऊस संपतो कधी? भुरभुर होती, रस्ता ओला होता. पहिली वळणं मी जपून घेतली. मग एका उजव्या वळणावर ब्रेकला पाय लावला आणि मागून कोणीतरी ढकलावं तसं शेपूट बाहेर गेलं. मी स्टेअरिंग उलटं फिरवलं, ती सावरली, आणि दुसऱ्या बाजूने अजून जोरात गेली. कठड्यावर मागचं सगळं अंग आपटलं. सागवानाच्या फासळ्या मोडल्याचा आवाज तुम्हीही ऐकलात. त्या कठड्यानेच आपल्याला वाचवलं. तुमचा डावा हात खांद्यापासून लोंबत होता, तोंड पांढरं पडलं होतं. फुटलेल्या शेपटातून दगड रस्त्यावर पसरले होते. मी तुमच्याकडे धावलो तर तुम्ही मला उजव्या हाताने बाजूला केलंत. "दगड खाली टाक. कोण येवच्या आदी." मी ते एकेक उचलून दरीत टाकले. काय करतोय हे मला तेव्हा कळत नव्हतं, बाप सांगतोय म्हणून करत होतो. आवाज ऐकून शेठ वरून धावत आले. त्यांनी काही विचारण्याआधीच तुम्ही त्यांच्याशी बोलताना वापरता तसल्या शुद्ध मराठीत म्हणालात, "पोराच्या हातून स्टेअरिंग सुटलं, शेठ. उताराचा अंदाज आला नाही." मी तिथे उभा होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

घरी आल्यावर आईने तुमचा हात झोळीत बांधला आणि चुलीपुढे पेज ढवळत विचारलं, "पोरग्याचा नाव कित्याक घेतलास?" तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा चेहराच तिला पुरे होता. मी पडवीत होतो, भिंत काय ती मध्ये. तुम्ही म्हणालात, "मगे काय सांगू? मेस्त्रीचा नीरम चुकला म्हणान? उद्या माझ्या होडयेत कोण पोरा-बाळांका बसवतलो?" आई म्हणाली, "आणि ह्येच्याकडे कोण गाडी आणतलो?" तुम्ही म्हणालात, "तो ज्वान आसा. चार दिवसांनी लोक इसारतले." ते ऐकून मला तुमचा राग आला आणि तुमचं म्हणणं पटलंसुद्धा. मांगरात दोन होड्या उभ्या होत्या, घरात खाणारी आठ तोंडं होती, आणि होडीवाल्या माणसाचं नाव गेलं की सगळंच गेलं. म्हणून मी भिंतीपलीकडून उठून आत आलो नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासीही घरचाच.

लोक चार दिवसांनी विसरले नाहीत. शेठ भले माणूस, मोडकी गाडी घेऊन गेले, वर शब्दाने बोलले नाहीत. पण आपल्या मांगरात माझ्याकडे पुन्हा मोटार आली नाही. रस्त्याकडचा अर्धा भाग हळूहळू तुमच्या फळ्यांनी परत भरला आणि मी कुडाळला दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला लागलो. तिथेच म्हातारा झालो. तिथले मालक मला इंजिन उघडायला द्यायचे, गाडी फिरवून आणायला दुसऱ्याला पाठवायचे. असं कित्येक वर्षं. किल्ली समोर टांगलेली असायची आणि मी ती कधी मागितली नाही.

एकदा तुम्ही मला विचारलंत, ते मी विसरलो नाही. मासळीच्या लॉरीला तुम्ही लाकडी हौदा बांधत होतात, मी रविवारचा घरी आलेलो. माझ्याकडे पाठ करून, रंधा न थांबवता म्हणालात, "बर्फाची पेटी खंय बसवची? मागे काय फुडे?" मी म्हटलं, "फुडे. चाकांच्या मदी." तुम्ही मान हलवलीत आणि तशीच बसवलीत. आई नंतर म्हणाली, बघ, विचारल्यानी ना तुका? तिच्या दृष्टीने तो हिशेब मिटला होता. बाबा, माझा मिटला नाही. मला ते पाठमोरं विचारणं पुरलं नाही. मला तोंडाकडे बघून, आपण दोघंच असताना, एकदा ऐकायचं होतं की तुझो हात सुटलो न्हय, माझा नीरम चुकला. चारचौघांत नको होतं. तुमच्या शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस मी उशाशी बसायचो तो सेवा म्हणून, हे खरं. पण आता बोलाल, म्हणूनही बसायचो. तुम्ही पाणी मागितलंत, कूस बदलून द्यायला सांगितलीत, आणि गेलात.

आता मी दमलो. ही गोष्ट ऐकून हसण्यात माझा भाग घेण्याचाही कंटाळा आलाय. आज एकदा वाटलं, हे दोन कागद आत नेऊन आत्याच्या मुलाच्या हातात द्यावे, म्हणावं, वाच मोठ्याने. उठलोसुद्धा. मग खाडीकडे नजर गेली. तुमच्या हातच्या दोन होड्या अजून आहेत, एकीत शेजारच्यांची नातसून माहेराला निघाली होती, कडेवर पोर घेऊन, निर्धास्त. मी परत खाली बसलो. हे कागद मी कोणाला वाचू देणार नाही. वाचले तर कोणीतरी म्हणेल, मेस्त्रींचं नीरम चुकलं होतं, आणि बाबा, एवढं होऊनही तुमच्या होडीला कोणी नावं ठेवलेली मला अजून खपत नाहीत.