येतो म्हणावं

३ मे

पोचलो. युरोप म्हटलं की बर्फ आणि कानटोप्या, अशी माझी समजूत. आईने कोंबलेले दोन स्वेटर बॅगेच्या तळाशी घामाघूम झाले असतील. इथे ऊन असं की पांढऱ्या भिंतींकडे डोळे किलकिले करून बघावं लागतं. आईचा मावसभाऊ, म्हणजे माझा मामा, घ्यायला आला होता. नोकरी त्यानेच लावली. भेटल्या भेटल्या म्हणाला, कॉलेज अर्धवट सोडलंस ते सोडलंस, आता इथे कुणाची कॉलर धरू नकोस, पुढच्या विमानाने परत पाठवतील.

खोली झकास आहे. तिसरा मजला, लोखंडी पलंग, कपाट, बेसिन, एक खुर्ची. खिडकीला लाकडी पट्ट्यांच्या झडपा. बंद केल्या तरी उन्हाच्या रेघा जमिनीवर येतात. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते.

आणि ती, माझी मैत्रीण, इथून रेल्वेने तासाभरावर शिकते. मी तिच्यासाठी आलोय, हे एकट्या मामाला सोडून साऱ्या जगाला माहीत आहे. तिची अट आहे: महिनाभर कुणाशी भांडण नाही, तरच ती भेटणार. मला ती आग्या म्हणते, आग्यावेताळातला. महिना काय, दात आवळून काढीन.

७ मे

हॉटेलांच्या चादरी धुण्याचा कारखाना. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून झटकायची आणि तापलेल्या रुळांत सरकवायची. पलीकडून पापडासारखी कडक निघते. दुसरं टोक मामाकडे. मी जोरात झटकली की विचारतो, चादरीने तुझं काय घोडं मारलंय.

एक गंमत. खोलीला कुलूप लावताना रोज तोंडातून ‘येतो’ निघतं. रिकाम्या खोलीला! आईची शिस्त. लहानपणी घरात कुणी ‘जातो’ म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. परत आत येऊन नीट ‘येतो’ म्हणायचं, आईने ‘ये’ म्हटलं की मगच निघायचं. फोनवर तिला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, मग खोली काय म्हणते?

१२ मे

खोली ‘ये’ म्हणते.

लिहायलाही ओशाळं वाटतंय. सकाळी किल्ली फिरवताना ‘येतो’ म्हटलं, आणि आतून कुणी वडीलधाऱ्या माणसाने म्हणावं तसं, मायेने, ‘ये’. दार उघडून बघितलं. खुर्ची, पलंग, उन्हाच्या रेघा. मामाला सांगितलं तर म्हणाला, घरची आठवण कानात शिरलीये, दोन आठवड्यांत निघेल. तिला काही सांगितलं नाही. आग्याचं डोकं पुन्हा फिरलं म्हणेल.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. परक्या गावात कुणीतरी ‘ये’ म्हणतंय.

१५ मे

दुपारी चादरीचं टोक हातात होतं. वाफ तोंडावर आली म्हणून डोळे मिटले. उघडले तर मी खोलीत, खुर्चीवर. हात अजून ओले.

कारखान्यातून खोलीवर यायला बस बदलावी लागते. एकही बस आठवत नाही. मामाने फोनवर सोलून काढलं, चादर अर्धी रुळांत सोडून पळालास, सगळी पेटली असती. येतो म्हणालो होतो, आलो.

उद्यापासून तोंड मिटून निघायचं.

१८ मे

दोन दिवस न बोलता निघालो. आजही. दुसऱ्या मजल्यावर उतरलो असेन, तेवढ्यात वरून, माझ्या खोलीतून, आवाज आला.

येतो.

माझाच आवाज. मी शेवटचा ‘तो’ जरा ओढतो, तस्सा.

आणि मी गाढव. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. लहानपणापासूनची सवय, कुणी येतो म्हटलं की आपण काय म्हणतो? मी जिन्यात उभा राहून म्हटलं — ये.

वर दार उघडलं. कुलूप माझ्या हाताने लावलं होतं.

संध्याकाळपासून घसा बसलाय.

२० मे

घरमालकिणीने मामाकडे तक्रार केली. भाचा एकटा राहणार असं ठरलं होतं, मग हा दुसरा कोण? तसा तो चांगला आहे म्हणे. दार हळू लावतो, जिन्यात थांबून चौकशी करतो. दिसायला अगदी माझ्यासारखा, भाऊच असणार. मामा खो खो हसला. म्हणाला, असला भाऊ खरंच आण, तू घरी जा.

संतापून तोंड उघडलं. नुसती हवा.

२३ मे

तिचा फोन. रडत होती, आनंदाने. काल मी तिच्याकडे जाऊन आलो म्हणे. किती शांत बसलास, म्हणाली. शेजारच्या मुलाने तिला हाक मारली तरी कपाळाला आठी नाही. आता महिन्याची अट सोडली. निघताना तू येतो म्हणालास आणि मी ये म्हटलं, तेव्हा आईसारखं वाटलं मला —

मी काल दिवसभर या खुर्चीवर होतो.

बोलता येईना म्हणून मेसेज केला. तो मी नव्हतो. तिचं उत्तर: झालं, सुरू झालास? कोण आला होता, कशाला आला होता, तेच पुन्हा? कालचा तूच बरा होतास. उद्या मला खोलीवर न्यायला येतोयस ना, तेव्हा बोलू.

त्यानंतरचे माझे मेसेज तिला पोचत नाहीत. तिने बंद केलंय मला.

२४ मे

सकाळीच स्टेशनकडे निघालो, तिला अडवायला. कोपऱ्यावरचं दुकान ओलांडलं आणि — खुर्ची. पुन्हा निघालो. खुर्ची. जितक्यांदा येतो म्हटलं होतं तितक्यांदा यावं लागणार, असं दिसतंय.

‘जातो’ म्हणून बघितलं. नुसते ओठ हलले.

मामाला मेसेज केला, धावत ये, खोलीत अडकलोय. त्याने लिहिलं, पुरे कर चावटपणा. आत्ता माझ्यासमोर चादर धरून उभा आहेस, मेसेज कुठल्या हाताने करतोस? काम मात्र आज छान करतोयस.

ती आली तर बसेल, पाणी पिईल, निघेल. आणि दारात म्हणेलच. कुठूनही निघताना म्हणते. ‘येते.’ खोली ऐकेल आणि —

तिला या दारात येऊ द्यायचं नाही. बस.

२४, दुपार

दार उघडत नाही. बाहेरून कुलूप. घरमालकीण खाली कुणाशी तरी हसून बोलतेय. पुरुषाचा आवाज — ‘तो’ ओढणारा —

तीही आलीय, हसतेय.

दार बडवलं. हाताचा आवाजही होत नाही. गादीवर आपटल्यासारखा.

दुसरा मजला. तिच्या चपला. ती विचारतेय, इतकं ऊन असून जिना गार कसा. तो तिला सांगतोय, हळू, पायऱ्या उंच आहेत. किती जपून बोलतोय. मी कधी असं —

दाराखाली फट आहे. पान फाडून सरकवतो. अक्षर माझं आहे, ती ओळखेल. तिला परत फिरवणारे दोनच शब्द, मोठे. किल्ली फिरतेय, लवकर —

ये