खुर्चीतले मतदार

४ जानेवारी, सकाळ
सरकारने नगर कौन्सिलच्या निवडणुका जाहीर केल्या. इतकी वर्षं साहेबच मेंबर नेमत असे, आता घरपट्टी भरणारे पुरुष निवडणार. आमच्या वॉर्डात असे एकशे त्रेचाळीस. त्यांपैकी निदान नव्वद जणांचे दात मी पाहिलेत. इतर पुढाऱ्यांना माणसाचा चेहरा तेवढा माहीत असतो. उभा राहणार. नक्की.
बायकांना मत नाही, असं सौ.ला सांगितलं. म्हणाली, "सुटले बाई."

७ जानेवारी
सासऱ्यांनी सूचक म्हणून अर्जावर सही केली. ते पलीकडच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे एक मत घरचंच.
विरोधात एकटा वखारवाला. कोळसा विकतो. शिक्षण चौथी. अर्जावर सही करताना जीभ बाहेर काढत होता. कीव आली. संकल्प : प्रचारात त्याच्या अडाणीपणाचा उल्लेख करायचा नाही.
(संध्याकाळी : तिघांपाशी केला. पण सहानुभूतीने.)

१२ जानेवारी
प्रचाराची नवी पद्धत शोधली. दारोदार हिंडायची गरजच नाही, मतदार आपल्या पायांनी येऊन माझ्या खुर्चीत बसतो! आज पोस्टमास्तर आले, दाढ ठणकत होती. तोंडात कापूस, आरसा आणि माझी दोन बोटं. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, गटारं यांवर वीस मिनिटं बोललो. मग विचारलं, मत मलाच ना? म्हणाले, "आँ." टिपून ठेवलं.
हेडमास्तर तर दोनदा म्हणाले, "आँ, आँ." ठाम माणूस.

१५ जानेवारी
चौदा मतं पक्की. सौ. पडद्याआडून ऐकत होती. म्हणाली, "अहो, हातात चिमटा धरून विचारलंत तर माणूस राहतं घरसुद्धा लिहून देईल." तिला राजकारण कळत नाही, हे मी शांतपणे समजावलं. शेजाऱ्यांनी खिडक्या का लावून घेतल्या, कळलं नाही.

१९ जानेवारी
चौकात पहिलं जाहीर स्पीच. विषय : 'नागरिकांची कर्तव्यं आणि हिरड्यांचं आरोग्य'. गर्दी अफाट. चाळीसेक माणसं हातात बादल्या घेऊन उभी, सगळ्यांची नजर माझ्याकडे. म्हणजे माझ्याकडे आणि माझ्या मागच्या सार्वजनिक नळाकडे. पाऊण तासाने नळाचं पाणी गेलं तसे लोकही पांगले. विषय जरा जड झाला असावा.

२३ जानेवारी
नळ चार दिवस कोरडा. वॉर्डात बोंबाबोंब. अशा वेळी नेतृत्व लागतं. मी ताबडतोब अकरा पानी अर्ज लिहायला घेतला. सोबत पाण्याच्या क्षारांचा तक्ता जोडणार. आठवड्यात पुरा होईल.
वखारवाल्याने मात्र कोळशाच्या गाड्यांवर पिंपं चढवून घरोघर पाणी पाठवायला सुरुवात केली आहे. पाणी अंमळ काळं. असल्या सवंग प्रकाराला सुशिक्षित वॉर्ड भुलणार नाही.
सौ.ने दोन बादल्या घेतल्या! शत्रूचं पाणी, माझ्या घरात! चांगलं बजावलं. मग त्यातच दाढी उरकली. दुसरं नव्हतं.

२८ जानेवारी
पाच दिवसांत एकही पेशंट नाही. पोस्टमास्तर रस्त्यात दिसले, डावा गाल पेरूएवढा सुजलेला. मला पाहताच पलीकडच्या फुटपाथवर गेले. उमेदवाराशी जाहीर सलगी नको, एवढं भान सरकारी नोकराला असतंच. बाकीच्यांचे दात माझ्या स्पीचमुळे सुधारले असणार.

१ फेब्रुवारी
शेवटचा हिशोब. फार सावधपणे धरूनही शहाण्णव मतं. आता एकच चिंता, वखारवाल्याला शून्य पडलं तर? बिचाऱ्याला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. उद्या माझं मत मी त्यालाच देणार. सभ्य गृहस्थ असंच करतात.
सौ. म्हणाली, "अहो, पण नाव मोठ्याने सांगायचं असतं ना? सगळे ऐकतील." म्हटलं, ऐकू देत! उमेदवार कसा असावा, कळेल.

२ फेब्रुवारी, सकाळी ८।।
रांगेत पहिला मीच. टेबलामागे गोरा साहेब, शेजारी रजिस्टर घेऊन कारकून. कारकुनाने विचारलं, मत कोणाला? मी खणखणीत आवाजात वखारवाल्याचं नाव घेतलं. मग मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. किंचित झुकून त्यांचा स्वीकार केला.

त्याच दिवशी, दुपारी
पोस्टमास्तर : वखारवाला. हेडमास्तर : वखारवाला. तोंडात कापूस नसताना दोघांचे उच्चार फार स्पष्ट आहेत.
दोन वाजता सासरे आले. वखारवाला! त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हे काय? गोंधळून म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच त्याला मत दिलंत असं रांगेत सगळे सांगताहेत. मला वाटलं, तुम्ही बसलात."
म्हटलं, मी उभा आहे.
म्हणाले, "मग तसं आधी सांगायचं ना!"
डोकं दुखू लागलं. मतदान संपण्याआधीच घरी आलो.

३ फेब्रुवारी
निकाल. वखारवाला एकशे अठरा. मी एक.
पण एक! हे मत मी दिलेलं नाही, सासऱ्यांनीही नाही. म्हणजे एवढा लोंढा एकीकडे वाहत असताना वॉर्डातला एक माणूस भर टेबलापुढे माझं नाव घेऊन गेला. अशा एका मतावर उद्याचं राजकारण उभं राहतं. आभाराचं पत्र लिहायला बसलो. 'आपल्यासारख्या स्वतंत्र बुद्धीच्या गृहस्थाने' इथपर्यंत छान उतरलं. वर नाव घालायचं म्हणून कौन्सिलच्या कचेरीत गेलो.
कारकुनाने रजिस्टर उलटं करून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, "वखारवाले. अगदी शेवटी आले. म्हणाले, डॉक्टरांनी मला दिलं, आता मी त्यांना नाही दिलं तर बरं दिसत नाही."
घरी सौ.ने विचारलं, "कोण निघाले हो ते?" म्हटलं, वॉर्डातले एक प्रतिष्ठित व्यापारी आहेत. ती पाठमोरी होऊन भाजी चिरत बसली. खांदे मात्र बराच वेळ हलत होते.